व्यसनमुक्तीनंतरचे घर : साहाय्यित निवासाची संकल्पना आणि रत्नागिरी

बीजसंज्ञा : व्यसनमुक्ती, पुनर्पतन, साहाय्यित निवास, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७, रत्नागिरी.

प्रस्तावना

व्यसनी व्यक्तीवरील उपचारांची चर्चा आपल्याकडे बहुधा 'दाखल कोठे करावे' या प्रश्नाने सुरू होते आणि त्या व्यक्तीला घरी सोडले की संपते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी एकीलाच कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळाला होता. रुग्णालयात राहून उपचार घेतलेली व्यक्ती १८० मध्ये एक होती. दाखल होण्याचाच एवढा दुष्काळ असताना दाखल झालेल्याच्या पुढील निवासाचा प्रश्न दुय्यम वाटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि ज्या थोड्यांना उपचार मिळतात, त्यांच्यापैकी अनेकांची परतफेरी याच दुर्लक्षित टप्प्यावर सुरू होते. उपचार संपल्याच्या संध्याकाळी ती व्यक्ती कोणत्या दारातून आत जाते, त्या घरात आणखी कोण राहते आणि त्या घराचे भाडे कोण भरते, या तीन बाबींचा व्यसनमुक्तीशी असलेला संबंध स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. विवेचनाचे क्षेत्र मुख्यत्वे रत्नागिरी आहे. मात्र ज्या प्रयोगांमुळे ही संकल्पना समजते, ते पुणे, मुंबई, चेन्नई आणि अमेरिका येथील असल्याने त्यांचाही आधार घेतला आहे.

शरीर मोकळे होते, त्यानंतर

गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, अचानक बंद केल्यावर जो शारीरिक त्रास होतो, त्याला व्यसनींच्या बोलीत 'टर्की' म्हणतात. अंगदुखी, जुलाब, निद्रानाश, नाकाडोळ्यांतून पाणी अशी लक्षणे योग्य औषधोपचाराने साधारणपणे आठवडा-दहा दिवसांत ओसरतात. दारूच्या बाबतीत हा काळ याहून थोडा कमी, परंतु झटके व भ्रम यांमुळे अधिक धोक्याचा असतो. कुटुंबीयांना हाच खरा आजार वाटतो आणि तो उतरला की माणूस बरा झाला, अशी त्यांची समजूत होते. प्रत्यक्षात ओढ कित्येक महिने टिकते. ती ठरावीक खुणांनी जागी होते : जुनी पानटपरी, जुना मित्र, हातात आलेला रोख पगार, घरातील ठरलेले भांडण. रुग्णालयात या खुणा नसतात, म्हणून तेथे संयम सोपा जातो. घरी त्या सर्व एकाच दिवशी समोर उभ्या राहतात.

यात एक धोका असा आहे, ज्याची कल्पना सुशिक्षित कुटुंबांनाही नसते. काही आठवडे गर्द बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. पूर्वी जी मात्रा नेहमीची होती, तीच आता श्वास थांबवू शकते. त्यामुळे उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींसाठी मृत्यूच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीचे ठरतात. याच आठवड्यांत त्यांच्या डोक्यावर कोणते छप्पर आहे, हा प्रश्न सोयीसुविधेचा उरत नाही.

कायद्याने हा दीर्घ काळ ओळखला आहे, हे लक्षणीय आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमातील कलम ३९ अन्वये अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीस न्यायालय तिच्या संमतीने उपचारांसाठी मुक्त करू शकते. उपचारांचा अहवाल एका वर्षाच्या आत मागविता येतो आणि त्यानंतरचे बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचे असू शकते. म्हणजे कायदा एक ते तीन वर्षांच्या मापाने विचार करतो, तर उपचारव्यवस्था आठवड्यांच्या. मधल्या काळाची जबाबदारी न बोलता कुटुंबावर सोपविली जाते.

मुक्तांगण आणि कृपा : दोन पूर्वसूरी

महाराष्ट्रातील या विषयाचा इतिहास पुण्याच्या मुक्तांगणला वगळून सांगता येत नाही. गर्दच्या व्यसनावरील डॉ. अनिल अवचट यांच्या लेखनानंतर, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांच्या पुढाकाराने व अर्थसाहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू झाले. त्याची जागा होती येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता अवचट तेथे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून कार्यरत होत्या आणि १९९७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत केंद्राची घडी त्यांनीच बसविली. पाच आठवड्यांचा निवासी उपचारक्रम, समूहचर्चा, पत्नींसाठी स्वतंत्र गट, घरी गेल्यावरचा नियमित पाठपुरावा ही त्या घडीची अंगे होत. व्यसनमुक्त झालेल्यांपैकी अनेक जण तेथेच कार्यकर्ते व समुपदेशक झाले, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. त्यांना काम मिळाले, आणि त्याबरोबर व्यसनमुक्त माणसांचा सहवासही. वेगळ्या नावाने ओळखला गेला नाही, तरी साहाय्यित निवासाचा गाभा येथे आढळतो.

मुंबईत फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे कृपा फाउंडेशन स्थापन केले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची बारा पायऱ्यांची पद्धत आणि अय्यंगार योग यांची सांगड घालून चालणारे हे निवासी कार्य पुढे मुंबईबाहेर, अनेक राज्यांत पसरले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे मूळ १९३५ मधील ओहायो राज्यातील ॲक्रन येथे असून त्याचे तत्त्व एका वाक्यात सांगण्यासारखे आहे : व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला व्यसनातून बाहेर पडलेलाच नीट समजू शकतो. मात्र ही सभा तासा-दीड तासाची असते. उरलेल्या साडेबावीस तासांचे काय, याचे उत्तर सभेकडे नाही.

ऑक्सफर्ड हाउस : भाड्याचे घर हाच उपचार

ते उत्तर १९७५ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड राज्यात काहीशा नाइलाजाने सापडले. सिल्व्हर स्प्रिंग येथील एक मध्यंतर गृह बंद पडत असताना तेथील रहिवाशांनी, पॉल मोलॉय यांच्या पुढाकाराने, तेच घर स्वतः भाड्याने घेतले. पगारी व्यवस्थापक ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून पदे आपसांत फिरती ठेवली. त्यातून 'ऑक्सफर्ड हाउस' नावाची पद्धती घडली. तिचे नियम मोजके आहेत. घर लोकशाही पद्धतीने चालते; प्रत्येक जण भाड्याचा व खर्चाचा वाटा उचलतो; जो पुन्हा नशा करील, त्याला बाहेर पडावे लागते. राहण्याची कमाल मुदत नाही. आज अशी तीन हजारांहून अधिक घरे अस्तित्वात आहेत. १९८८ च्या एका कायद्याने राज्यांना फिरता निधी उभारावयास सांगितले आणि त्यातून नव्या घराच्या अनामत रकमेसाठी व पहिल्या भाड्यासाठी चार हजार डॉलरपर्यंतचे कर्ज मिळू लागले. सरकारचा वाटा एवढाच.

या पद्धतीचे मूल्यमापन डीपॉल विद्यापीठातील लेनर्ड जेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. निवासी उपचार संपविलेल्या १५० व्यक्तींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी करण्यात आली : निम्म्या ऑक्सफर्ड हाउसमध्ये राहावयास गेल्या, निम्म्यांना नेहमीची बाह्य सेवा मिळाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर नशा करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३१.३ टक्के, तर दुसऱ्यात ६४.८ टक्के होते. पहिल्या गटाचे मासिक उत्पन्नही दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक होते. या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. राहण्याची उत्तम सोय असूनही जवळजवळ एक तृतीयांश घसरलेच. शिवाय अमेरिकेतील रोजगाराची स्थिती येथे गृहीत धरता येत नाही. तरीही औषध, डॉक्टर किंवा समुपदेशक यांपैकी काहीही न वाढविता केवळ सहनिवासाने एवढा फरक पडावा, हे विचार करावयास लावणारे आहे.

'घसरेल त्याला काढा' या नियमावर आक्षेपही आहेत आणि ते वजनदार आहेत. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या 'पाथवेज टू हाउसिंग' या कार्याची भूमिका नेमकी उलट आहे : आधी घर द्यावे, व्यसनमुक्तीची अट घालू नये. ही भूमिका प्रामुख्याने रस्त्यावर राहणाऱ्या, मानसिक आजारही असलेल्या व्यक्तींसाठी मांडली गेली. या पद्धतीने माणसे घरात टिकतात, हे दिसून आले आहे. त्यांचे व्यसन त्यामुळे सुटते, असे मात्र तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. दोन्ही पद्धतींचे लाभार्थी मुळात भिन्न आहेत, हे या वादात अनेकदा विसरले जाते. दुसरा एक आक्षेप औषधांविषयी आहे. ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला काही निवास 'अजून नशेतच आहे' असे समजून प्रवेश नाकारतात. अफूजन्य व्यसनात हे औषध मृत्यू टाळते, हे सिद्ध झालेले असताना असा नकार अशास्त्रीय म्हणावा लागेल.

रत्नागिरीचे वास्तव

रत्नागिरीत या प्रश्नाला ऋतूंचे वेळापत्रक आहे. मासेमारीवरील पावसाळी बंदी १ जूनला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. आंब्याचा हंगाम जूनच्या सुमारास आटोपतो. म्हणजे खलाशी आणि बागेतील मजूर हे दोन्ही वर्ग एकाच वेळी रिकामे होतात, तेही हंगामाचा हिशेब हातात आल्यावर. मिरकरवाडा बंदरातील खलाशांपैकी बरेच जण परप्रांतीय वा नेपाळी असून हंगामात त्यांचे घर म्हणजे नौकाच. आंबाबागांतील राखणदारांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. अशा माणसाला उपचारानंतर 'घरी सोडणे' याचा अर्थ त्याच नौकेवर, त्याच सोबत्यांमध्ये सोडणे असा होतो. स्थानिक तरुणाचे घर वाडीत असते. परंतु तेथे त्याची कीर्ती त्याच्या आधी पोहोचलेली असते. गणपती आणि शिमगा हे दोन सण तर व्यसनमुक्त माणसाच्या कसोटीचे. मुंबईहून चाकरमानी येतात, जुने सोबती भेटतात, आणि 'एवढ्याने काय होते' हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते.

मादक पदार्थ या किनाऱ्याला अपरिचित राहिलेले नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यातील कर्दे, लाडघर, केळशी आदी किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून आली व सीमाशुल्क विभागाने दोनशे किलोहून अधिक माल ताब्यात घेतला. ही घटना तस्करीच्या मार्गाविषयी सांगते, स्थानिक सेवनाविषयी नव्हे. वृत्तपत्रीय चर्चेत हा भेद पुसट झाला. जिल्ह्यातील कुटुंबांना रोज भेडसावणारे व्यसन आजही प्राधान्याने दारूचेच आहे आणि निवासाचा विचारही तेथूनच सुरू करावा लागेल.

साहाय्यित निवासाची कल्पना मात्र रत्नागिरीला परकी नाही, आणि याची दखल जिल्ह्यातही पुरेशी घेतली गेलेली नाही. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी सर्वांत लहान रुग्णालय येथे आहे. बरे होऊनही कोणी न्यावयास न आल्याने वर्षानुवर्षे तेथेच राहिलेल्या व्यक्तींसाठी, १९९३ मध्ये चेन्नईत स्थापन झालेल्या 'द बॅनियन' या संस्थेने 'होम अगेन' हा आपला उपक्रम रत्नागिरीत आणला. चार-पाच व्यक्ती सर्वसामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहतात. सोबतीला एक साहाय्यिका असते. स्वयंपाक, बाजारहाट, सण, शेजार हे सारे इतर घरांसारखेच चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शिकेत समाजाधारित मानसिक आरोग्यसेवेचे अनुकरणीय उदाहरण म्हणून 'होम अगेन'चा समावेश केला आहे. हा उपक्रम व्यसनींसाठी नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. तथापि मनोरुग्णालयातून आलेल्या व्यक्तींना घरमालक घर देतील काय, शेजारी स्वीकारतील काय, या प्रश्नांची प्रत्यक्ष परीक्षा या उपक्रमामुळे येथे झाली आहे. व्यसनमुक्त व्यक्तींच्या घरासाठी प्रश्न हेच असणार.

कायदेशीर पायाही उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ मध्ये अमलात आला. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. कलम १८ मध्ये शासनाने पुरवावयाच्या सेवांत मध्यंतर गृहे, आश्रयनिवास व साहाय्यित निवास यांचा नावानिशी उल्लेख आहे. कलम १९ समाजात राहण्याचा हक्क मान्य करते. अधिकार कागदावर असणे आणि घर असणे यांतील अंतर जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर उघड झाले. महाराष्ट्रात मनोरुग्णालयांतील बऱ्या झालेल्या व्यक्तींना भिक्षेकरीगृहे व वृद्धाश्रम यांत हलविले जात असल्याचे दिसून आल्यावर न्यायालयाने ही पद्धत तत्काळ थांबविण्याचे निर्देश दिले.

गावकीची खोली

एका जुन्या देशी परंपरेचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांना सर्वाधिक कामगार पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रभागी होता. हे कामगार गिरणगावातील चाळींत एकाच गावच्या माणसांची मिळून घेतलेली खोली करून राहत. भाडे वाटून, झोपण्याच्या पाळ्या लावून, जेवण खाणावळीत. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे धोबी तलाव परिसरातील 'कूड' हे त्याचेच अधिक बांधेसूद रूप. तेथे गावनिहाय सदस्यत्व, लिखित नियम आणि सायंकाळची सामूहिक प्रार्थना असे. वाटून घेतलेले भाडे, ठरलेले नियम, फिरत्या जबाबदाऱ्या आणि समान ओळखीची माणसे : ऑक्सफर्ड हाउसची बहुतेक सामग्री कोकणी माणसाने शतकापूर्वीच वापरली आहे. अर्थात या खोल्यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. अनेकांच्या दारूचा श्रीगणेशाही त्याच खोल्यांत झाला. सहवासाची ताकद दोन्ही दिशांना काम करते, आणि म्हणूनच संयम ही त्या सहवासाची लिखित अट असावी लागते.

घर कोठे, किल्ली कोणाकडे

व्यवहाराच्या पातळीवर पहिला मोह कोकणातील बंद घरांचा होतो. गावोगावी वर्षभर कुलपात असलेली घरे आहेत. त्यांचा उपयोग का करू नये, असे सहज सुचते. परंतु ही घरे गणपतीत व शिमग्यात मालकांसाठी रिकामी करावी लागतील. वर्षातील सर्वाधिक जोखमीच्या नेमक्या त्याच दिवसांत रहिवासी बेघर होतील. शिवाय वाडीत रोजगार, रुग्णालय आणि सभा यांपैकी काहीच चालण्याच्या अंतरावर नसते. त्यापेक्षा शहरात, जिल्हा रुग्णालय व एस.टी. स्थानक यांच्या आवाक्यात असलेली, पाच-सहा जणांना पुरेल अशी सदनिका अधिक उपयुक्त. अकरा महिन्यांचा परवाना करार, पोलीस पडताळणी आणि गृहनिर्माण संस्थेची नापसंती हे अडथळे खरे आहेत. करार रहिवाशांच्या नावे न होता नोंदणीकृत संस्थेच्या नावे झाल्यास पहिले दोन बरेचसे सुटतात. तिसरा कागदाने सुटत नाही. तेथे शेजाऱ्यांना सारे आधीच सांगावे की नाही, यावर कार्यकर्त्यांत मतभेद आहेत. रहिवाशांच्या खाजगीपणाचा विचार करता संस्थेची ओळख द्यावी, व्यक्तींचा पूर्वेतिहास देऊ नये, हा मध्यम मार्ग योग्य वाटतो.

भाड्याचा वाटा प्रत्येकाने उचलावा, ही अट पहिल्या महिन्यापासून लागू करणे येथे अवघड आहे, कारण उपचारांच्या काळात नोकरी बहुधा गेलेली असते. खलाशाच्या बाबतीत तर १ ऑगस्टपूर्वी कमाईच नाही. पहिले दोन-तीन महिने फिरत्या निधीतून उसने आणि हंगाम सुरू झाल्यावर हप्त्यांनी परतफेड, अशी रचना १९८८ च्या अमेरिकी कर्जयोजनेच्या तत्त्वाशी जुळते आणि कोकणातील हंगामी अर्थव्यवहारालाही. वाटा मात्र कितीही लहान असला तरी असावाच. फुकट राहणारा पाहुणा होतो आणि पाहुण्याला घराचे नियम करता येत नाहीत. खलाशाने हंगामात पुन्हा नौकेवर जावे काय, हा याहून कठीण प्रश्न आहे. सहा महिने तरी बर्फ कारखाना, जाळेविणणी, मत्स्यलिलाव अशा किनाऱ्यावरच्या कामावर राहणे श्रेयस्कर, जरी मजुरी कमी पडली तरी.

स्त्रियांसाठी स्वतंत्र घर लागेल. मुक्तांगणने स्त्रियांचा वेगळा विभाग सुरू केला, तेव्हा व्यसनी स्त्रीला दाखल करण्यापेक्षा लपविण्याकडे कुटुंबांचा कल असल्याचे अधिक ठळक झाले. उपचारानंतर तिला परत घेण्यास नकार मिळण्याची शक्यता पुरुषापेक्षा जास्त, आणि मुले सोबत असतील तर घराची गरजही अधिक.

राहिला पुनर्पतनाचा नियम. अमेरिकेत घसरलेल्या रहिवाशाला त्याच दिवशी बाहेर काढतात, कारण एकाची नशा उरलेल्या पाच जणांना धोक्यात आणते. हे कारण रत्नागिरीतही तितकेच खरे आहे. परंतु येथे रात्री दहा वाजता बाहेर काढलेला माणूस एस.टी. स्थानकावर जाईल, आणि तो गर्दचा व्यसनी असेल, तर घटलेल्या सहनशक्तीमुळे त्याच्या जिवालाच धोका संभवतो. त्यामुळे घर सुरू करण्यापूर्वीच रुग्णालयाशी लेखी समझोता असावा : घसरलेला रहिवासी घराबाहेर जाईल, पण सहनिवासी त्याला रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचवतील, तेथे त्याला दाखल करून घेतले जाईल, ठरावीक काळाने परत घेण्याचा निर्णय घरातील सभा मतदानाने करील. हा समझोता झाल्याखेरीज अनामत रक्कम भरू नये. रुग्णालयाच्या बाजूने त्यावर स्वाक्षरी कोणाची, रात्रपाळीला त्याची माहिती कोणाकडे आणि रुग्णवाहिका नसेल तर रिक्षाचे भाडे कोणत्या खर्चशीर्षात दाखवावयाचे, हे तपशील त्याच कागदावर लिहिलेले असावेत.